नवीन राइड येणार, नवीन लँड येणार म्हणतात त्यातलं किती खरं मानायचं?

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. मुंबई-पुण्याकडच्या एका अम्यूझमेंट पार्कात मागच्या कुंपणापलीकडं झाडं काढलीत, पोकलेन लागलाय, खोल खड्डे दिसतात. कुणीतरी पार्किंगमधून मोबाइल उंच धरून व्हिडिओ काढलाय आणि त्याच्यावर निम्मे म्हणतात नवा कोस्टर, निम्मे म्हणतात अख्खं नवीन लँड (पार्कातला एकाच थीमचा भाग), सह्याद्रीतल्या किल्ल्यांचं, आणि एक जण तर दिवाळीची तारीखच देऊन बसलाय. तुला मे महिन्यात कराडहून घरच्या सगळ्यांना घेऊन जायचंय, तर आत्ता जावं का दिवाळीपर्यंत थांबावं. आणि शेवटी हळूच विचारलंस की आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात हायवेला मोठं पार्क येणार अशी जी हवा आहे ती खरी का, कारण मामा तिथं गुंठे घ्यायच्या विचारात आहेत.

म्हणजे कोणती राइड येणार हा तुझा प्रश्नच नाही. कुणाच्या तरी अंदाजावर आपली सुट्टी आणि मामांचे पैसे किती टेकवायचे, हा आहे. त्याचं उत्तर देता येतं. राइड कोणती येणार ते व्हिडिओ बघून मला पण सांगता येणार नाही.

मी कोण ते आधी सांगतो म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुझं तू ठरव. कुपवाड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. साखर कारखान्यांची कामं हा मूळ धंदा, पण बरीच वर्षं पार्कवाल्यांची पण करतो, म्हणजे राइडचे प्लॅटफॉर्म, जिने, रेलिंग, लाइनीचे पाइप, थीमिंगच्या, म्हणजे वरच्या सजावटीच्या, आतला लोखंडी सांगाडा, ऑफ सीझनला जुन्या राइडची दुरुस्ती. राइड मी बनवत नाही, मोठी राइड बाहेरूनच येते, तिच्या खालचं आणि आजूबाजूचं बघणारा मी माणूस. वर आणि हा नाद पण आहे, दुनियेतल्या पार्कांत कुठं काय खणतायत ते बघत बसायचं, बायको म्हणते स्वतःच्या घराची गळती बघायला वेळ नाही याला आणि अमेरिकेतले खड्डे मोजतो.

आता मुद्दा. अफवा कानावर आली की मी एवढंच बघतो, इथपर्यंत यायला कुणाचे किती पैसे गेले आणि ते पैसे परत फिरतील का. लग्नाचं कसं असतं, पत्रिका बघितली म्हणजे काय ठरलं नाही, बघायचा कार्यक्रम झाला म्हणजे पण काय ठरलं नाही, सुपारी फुटली की चार लोकांत बोलायला हरकत नाही आणि बस्ता बांधला की मग मागं फिरणारा एखादाच. पार्काचं पण तेच. पेटंट, ट्रेडमार्क, रंगीत चित्रं ही सगळी पत्रिका. मोठ्या कंपनीला त्याचा खर्च म्हणजे चहापाणी. मातीची तपासणी, सर्व्हे, कन्सल्टंटच्या फेऱ्या हा बघायचा कार्यक्रम. राइडचा ॲडव्हान्स गेला की सुपारी. आणि राइडच्या मापाचं फाउंडेशन ओतलं की बस्ता, कारण एका राइडचं फाउंडेशन दुसऱ्या राइडला सहसा बसत नाही.

पत्रिकेवर उड्या मारल्या की काय होतं त्याचं उदाहरण अमेरिकेतल्या ऑरलँडोचं. २०१८ ला तिथं पार्क चालवणाऱ्या युनिव्हर्सलनं 'फँटॅस्टिक वर्ल्ड्स' असं नाव ट्रेडमार्कसाठी टाकलं. पार्कांचे फॅन लोक कागदं चाळतच असतात, त्यांना ते सापडलं, आणि नवीन पार्कचं नाव हेच असं कित्येक जण धरून बसले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं जाहीर केलं, नाव निघालं 'एपिक युनिव्हर्स'. यात फॅन लोक खोटं बोलले असं नाही, कागद खराच होता. पण कंपन्या चार नावं नोंदवून ठेवतात, वापरतात एक, कधी कधी एकही नाही. पेटंटचं तर अजून वाढीव, स्वतः बनवायचं म्हणून काढतात तसंच दुसऱ्यानं बनवू नये म्हणून पण काढतात.

कंपनी स्वतः स्टेजवर उभी राहून बोलली तरी मी लगेच हुरळत नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये डिस्नेनं फॅन लोकांच्या मेळाव्यात चित्रं दाखवली, फ्लोरिडाच्या ॲनिमल किंगडम पार्कात डायनोलँडच्या जागी मोआना आणि झूटोपिया या आपल्या सिनेमांचं काहीतरी करता येईल म्हणून. बोलताना अजून नुसत्या कल्पना आहेत असं ते स्वतःच म्हणाले होते, पण ऐकणाऱ्यानं 'येणार' असंच ऐकलं. पुढच्या वर्षी सूर बदलला आणि २०२४ ला पक्कं झालं ते भलतंच, एन्कँटो आणि इंडियाना जोन्स या सिनेमांचं, लँडचं नाव ट्रॉपिकल अमेरिकाज, उघडायचं साल २०२७. दोन वर्षांत पाटी पुसून नवीन लिहिली. आणि हे सुद्धा सौम्य उदाहरण आहे. १९९३ ला डिस्नेनं व्हर्जिनियात 'डिस्नेज अमेरिका' नावाचं अख्खं पार्क जाहीर केलं होतं, पुढच्याच वर्षी स्थानिक लोकांच्या आणि इतिहासवाल्यांच्या विरोधामुळं गुंडाळलं.

उलट बाजूचं उदाहरण मला जास्त आवडतं. ऑरलँडोतच युनिव्हर्सलचा व्हेलोसीकोस्टर बनत होता तेव्हा ट्रॅक उभा राहिलेला लोकांना डोळ्यांनी दिसत होता, हेलिकॉप्टरमधून फोटो काढणारे रोज टाकत होते, आणि कंपनी मात्र तोंडातून शब्द काढत नव्हती. २०२० च्या सप्टेंबरअखेर अधिकृत सांगितलं, २०२१ च्या जूनमध्ये सुरू. म्हणजे तिकडं बोलणं झालं, काम नाही. इथं काम झालं, बोलणं नाही. मी लोखंडाच्या बाजूचा माणूस आहे म्हणून म्हणत नाही, पण लोखंडावर विश्वास ठेव.

यातूनच माझा एक आडाखा झालाय. फॅन लोक मशीन कोणतं ते बऱ्याचदा बरोबर ओळखतात, थीम बऱ्याचदा चुकते, आणि तारीख तर जवळजवळ कायमच चुकते.

मशीन बरोबर का येतं, तर ते जमिनीवर लिहिलेलं असतं. तू पाठवलेल्या व्हिडिओत फक्त खड्डे दिसतायत म्हणून सांगतो, पुढच्या वेळी काय बघायचं. शेडचं किंवा हॉटेलचं फाउंडेशन ओळीत असतं, उभ्या-आडव्या रेषा, अंतर सारखं, साइज सारखी. कोस्टरचं तसं नसतं. फुटिंग, म्हणजे खांबाखालचे काँक्रीटचे ब्लॉक, वाकड्यातिकड्या रेषेत पळत जातात, दोघांतलं अंतर कमी-जास्त, आणि जिथं गाडी खाली येऊन परत वर उचलली जाते तिथं सगळ्यात जास्त दणका बसतो म्हणून तिथले ब्लॉक अंगानं दांडगे. त्या ब्लॉकच्या डोक्यावर फाउंडेशन बोल्टचं कडं असतं. बोल्ट पत्र्याच्या टेम्प्लेटमध्ये अडकवून, टोटल स्टेशन हे मापाचं यंत्र लावून, सर्व्हेवाला हो म्हणेपर्यंत हलवत बसायचं आणि मग काँक्रीट ओतायचं. दोन-चार मिलीमीटर इकडंतिकडं झालं तर वरचा खांब बसत नाही, आणि तो खांब परदेशातून नंबर टाकून आलेला असतो, शेडच्या कामासारखं गॅस कटर मारून भोक ओढून घ्यायची सोय नाही. ओतून झालं की आट्यांना ग्रीस फासतात आणि वरून पाइपचे तुकडे नाहीतर गोणपाट घालतात, गंजू नये, सिमेंट लागू नये म्हणून. त्यामुळं लांबून काढलेल्या फोटोत ते ठिपक्यांचं कडं दिसतं. ते ठिपके वाकड्या रेषेत पळताना दिसले की मग मी खुर्ची पुढं ओढतो.

बाकीची ओळख पण फार अवघड नाही. गोल फिरणाऱ्या राइडला एकच मोठा काँक्रीटचा राफ्ट, म्हणजे सलग थर, आणि मधे खळगा, त्यात जाड केबलसाठी पाइप सोडलेले. पाण्याच्या राइडला लांबच लांब कालवा आणि कुठंतरी विहिरीएवढी जमिनीतली टाकी, शेजारी पंपरूम. अंधारातली राइड असेल तर उंच बंद शेड, खिडक्या नाहीत, आत मधे खांब नाहीत किंवा अगदी थोडे, आणि एसीच्या डक्टची गर्दी. स्लाइड असेल तर खांब विखुरलेले दिसतात पण बारके, आणि शेवटी उथळ टाकी.

आणि नुसते खोल खड्डे? ते कशाचेही असू शकतात राव. काळी माती असेल तर ती काढल्याशिवाय कुणी फुटिंग ठेवत नाही. आपल्या सांगली-मिरजेकडं बघतोसच, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात फुगते, तिच्यावर राइड ठेवली तर वर्षात झुकेल. मग ती उपसून मुरूम भरायचा, दाबायचा, आणि मग बांधकाम. खोपोलीकडं उलटं, तिथं कातळ लागतो आणि दिवसभर ब्रेकर वाजतो. खड्ड्याची खोली बघून राइडची उंची काढणारे लोक आहेत, त्यांना नमस्कार. दुसरं म्हणजे सांडपाण्याचा प्लँट (एसटीपी), आगीच्या पाण्याची टाकी, ट्रान्सफॉर्मरचा यार्ड, यासाठी पण असलेच खड्डे लागतात, आणि 'नवीन लँड' म्हणून गाजलेलं काम शेवटी एसटीपी निघालेलं मी जवळून बघितलंय. तिसरं, व्हिडिओ एप्रिलचा आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं सगळेच खणतात, जूनच्या आत काँक्रीट जमिनीच्या वर काढायचं असतं, नाहीतर चार महिने खड्ड्यात पाणी आणि पंप. त्यामुळं उन्हाळ्यातल्या धावपळीवरून काम लय मोठं आहे असं समजू नको.

ट्रॅक येताना दिसला तर मात्र गोष्ट वेगळी. प्रत्येक कंपनीचा ट्रॅक वेगळा दिसतो आणि हे फॅन लोकांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं हे मान्य केलं पाहिजे. खोपोलीच्या इमॅजिका पार्कातल्या नायट्रो कोस्टरकडं बघ, स्वित्झर्लंडच्या बी अँड एमचा आहे, दोन रुळांच्या मधे खाली तो चौकोनी पेटीसारखा कणा दिसतो, ती त्यांची खूणच. एकदा डोळ्यात बसली की ट्रेलरवर ताडपत्रीतून टोक बाहेर आलेलं असलं तरी ओळखू येतं. परदेशातून येणाऱ्या राइड ९५०८ या कस्टमच्या कोडखाली येतात, काही जण तो डेटा पण विकत घेऊन बघतात, एवढा नाद मला पण नाही. पण त्यात मेख आहे. वंडरला ही आपल्याकडची पार्कवाली कंपनी काही राइड स्वतःच्याच वर्कशॉपमध्ये बनवते, त्या कस्टमला दिसणारच नाहीत. आणि भारतात सेकंडहँड राइड पण येतात, म्हणजे बाहेरच्या कुठल्यातरी पार्कात बंद पडून सुटी करून ठेवलेली राइड इकडं रंग मारून उभी राहते. त्यासाठी आरसीडीबी म्हणून जगातल्या कोस्टरांची यादी आहे, तिथं कुठला कोस्टर कुठून कुठं हलला ते सापडतं.

आता थीम का चुकते ते सांगतो. थीम शेवटी चढते. लोखंड, काँक्रीट, वायरिंग, टेस्टिंग हे सगळं होत असताना साइटवरच्या माणसाला बऱ्याचदा माहीतच नसतं की याच्यावर काय चढणार आहे. आम्हाला ड्रॉइंग येतात त्याच्यावर राइडचं नाव नसतं, 'एरिया सी, स्ट्रक्चर ३' असलं काहीतरी असतं, आणि वर गुप्ततेच्या करारावर सही. एकदा आमच्या शॉपमध्ये एक सांगाडा बनत होता, पाठीला बाक, पुढं वर गेलेली मान, पोरांनी ठरवूनच टाकलं की उंट. मग राजस्थानचं लँड येणार अशी चर्चा चहाच्या टपरीपर्यंत गेली, एकानं तर स्टेटसला टाकायला काढला होता, हातातून मोबाइल घ्यावा लागला. सांगाडा साइटवर गेला, त्याच्यावर जाळी चढली, सिमेंटचा थर चढला, रंगारी आले, आणि झाला खडक. धबधब्यामागचा खडक. आता 'माझा चुलतभाऊ तिथं वेल्डर आहे, आतली बातमी आहे' असं कुणी म्हणालं तर समजून घे, चुलतभाऊ खरा, वेल्डिंग खरं, उंट खोटा.

दुसरं कारण जास्त मनाचं आहे. फॅन माणूस जे येणार त्याचा नाही, जे यावं वाटतं त्याचा अंदाज बांधतो. ॲनिमल किंगडम १९९८ ला सुरू झालं तेव्हा त्याच्या लोगोत ड्रॅगन होता, काल्पनिक प्राण्यांचं 'बीस्टली किंगडम' नावाचं लँड नंतर होणार असा बेत होता. ते झालंच नाही. लोक वर्षानुवर्षं लोगोतला ड्रॅगन दाखवून 'बघा, येणार' म्हणत राहिले, आणि २०१७ ला त्या जागेवर उघडलं पँडोरा, अवतार सिनेमाचं. आपल्याकडं किल्ल्यांच्या लँडचं तेच आहे. मला पण बघायला आवडेल, कुणाला नाही आवडणार, राजगडाच्या बालेकिल्ल्यातून सुटणारी राइड म्हटल्यावर. पण मालकाच्या जागी बसून विचार कर. महाराजांशी जोडलेल्या जागेवर लोकांनी आरडाओरडा करत, चिप्स खात, उलट्या लटकत जायचं, एक पुतळा, एक वाक्य, एक वेशभूषा चुकली तर दुसऱ्या दिवशी गेटवर मोर्चा. मोठी गुंतवणूक करणारा माणूस जंगल, समुद्री चाचे, इजिप्त, अंतराळ असल्या बिनवादाच्या गोष्टीकडं जातो. कुणी केलंच तर शो किंवा म्युझियम टाइप होईल, कोस्टर नाही, असं माझं मत. मत आहे फक्त.

तारखेचं फार बोलत नाही, उदाहरणं बोलतात. डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कातला ट्रॉन कोस्टर २०१७ ला जाहीर झाला, २०२१ च्या पन्नासाव्या वर्धापनदिनाच्या आत उघडणार म्हणून, उघडला २०२३ च्या एप्रिलमध्ये. एपिक युनिव्हर्स आधी २०२३ ला होतं, कोविडमध्ये काम थांबलं, २०२१ ला परत सुरू झालं, लोक आत गेले २२ मे २०२५ ला. आपल्याकडं वंडरलाचं चेन्नईचं पार्क घे, जमीन हातात असून करमणूक कराच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं अडकून पडलं होतं. जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांचं हे, आणि आपला एक जण पार्किंगमधून दिवाळी सांगतो. खड्डे आत्ता एप्रिलमध्ये खणतायत, मधे पावसाळा, राइड बाहेरून यायची असेल तर ऑर्डर, बनवणं, जहाज, उभारणी, वायरिंग, मग आत वाळूची पोती नाहीतर पाणी भरलेल्या बाहुल्या बसवून टेस्टिंग, मग दाखले. मोठा कोस्टर असेल तर या दिवाळीचं विसर. फिरता पाळणा, लहान मुलांची राइड, एखादी स्लाइड असेल तर दिवाळी होऊ पण शकते. तेव्हा 'अवलंबून आहे' हे उत्तर तुला आवडणार नाही पण तेच आहे, आणि कशावर ते वर सांगितलं, ठिपक्यांवर.

कागदं कुठं बघायची तेही सांगतो, कारण आपल्याकडं अमेरिकेसारखं नाही. तिकडं परवान्याचे अर्ज, पाण्याच्या निचऱ्याचे नकाशे, कंत्राटदाराच्या कामाची नोटीस सगळं घरबसल्या मिळतं, म्हणून तिकडचे फॅन एवढे पुढं. उंचीचे आकडे पण तसेच फुटतात. २०० फुटांच्या वर गेलं की विमानांसाठी लाल दिवे लागतात म्हणून डिस्नेनं एक्स्पिडिशन एव्हरेस्ट हा कोस्टर १९९.५ फुटांवर आणून थांबवला, असले बारकावे त्यांना पाठ असतात. आपल्याकडं सगळ्यात चांगला कागद शेअर बाजाराचा. इमॅजिका आणि वंडरला दोन्ही लिस्टेड कंपन्या आहेत, मोठा खर्च, मोठी जमीन, नवीन पार्क असलं काही असेल तर एक्स्चेंजला कळवावं लागतं, आणि दर तिमाहीला मॅनेजमेंट ॲनालिस्ट लोकांशी बोलतं त्याचा लेखी मजकूर पण टाकतात. फॅनच्या व्हिडिओला लाखभर व्ह्यू आणि त्या कागदाला कुणी हात लावत नाही. कंटाळवाणा असतो खरा, पण 'पुढच्या वर्षी अमुक पार्कात एवढे कोटी घालणार' हे वाक्य तिथंच सापडतं. दुसरं, २०,००० चौरस मीटरच्या वरचं बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, तिचे अर्ज सरकारच्या परिवेश पोर्टलवर दिसतात. यातही गोम अशी की पार्कात मोकळी जागाच जास्त, बांधीव क्षेत्र कमी, त्यामुळं एखादी राइड वाढवली तर ती त्या आकड्याच्या जवळ पण जात नाही. अर्ज नाही म्हणजे काम नाही असं नव्हे.

आता मामांचं. इथं मी जरा कडक बोलणार आहे.

जमीन आणि पार्कची अफवा यांचं नातं जुनं आहे. १९६५ ला फ्लोरिडात कुणीतरी वेगवेगळ्या भलत्याच नावाच्या कंपन्या काढून हजारो एकर जमीन घेत होतं, गावभर अंदाज चालू होते, गाडीचा कारखाना येणार, विमानाचा येणार. ऑक्टोबरमध्ये ऑरलँडोच्या पेपरनं छापलं की हा डिस्नेच, आणि त्यानंतर जमिनीचे भाव असे चढले की विचारू नको. पण त्यातली गोष्ट ही की डिस्नेनं जवळजवळ सगळी जमीन, २७,००० एकराच्या आसपास, गुपचूप आधीच घेऊन ठेवली होती. खरंच पार्क काढणारा माणूस भाव वाढायच्या आधी गप्प बसून जमीन घेतो. तुझ्या मामांना जो सांगतोय तो बोर्ड लावून, पॅम्फ्लेट वाटून, रविवारी मोफत गाडीनं साइट दाखवून सांगतोय. पार्क येणार ही बातमी त्याच्यासाठी मालाची जाहिरात आहे.

आपल्या भागात काय बसू शकतं ते थंड डोक्यानं बघ. सांगलीत कृष्णाकाठ सपाट आहे, मोकळा आहे, पण २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोका पातळी ४५. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी मिळत नाही आणि लाल रेषेच्या आतल्या जागेचा विमा, कर्ज, सगळंच अवघड. कोटींची मोटर आणि पॅनेल तिथं कोण ठेवेल. साताऱ्याच्या वरच्या अंगाला महाबळेश्वर-पाचगणी हा इकोसेन्सिटिव्ह झोन, कास जागतिक वारशात, तिथं भव्य राइड विसर. वर 'नवीन महाबळेश्वर'च्या आराखड्याचं नाव घेऊन लोक काय काय जोडतात, पण आराखड्यात पर्यटन लिहिलंय म्हणजे कोस्टर लिहिला नाही. राहिला हायवेचा पट्टा. तिथं मध्यम वॉटर पार्क चालू शकतं, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव सगळं जवळ, उन्हाळा कडक, आणि पोरांना जायला ठिकाण नाही. मोठं थीम पार्क मात्र गर्दीवर जगतं. इमॅजिका मुंबई-पुण्याच्या मधोमध उगाच बसवलेलं नाही. आपल्याकडं पुसेगावच्या, पालीच्या जत्रेला तोबा गर्दी होते, टोराटोरा, ब्रेक डान्स, आकाशपाळण्याला रांगा लागतात, पण ती गर्दी ठरावीक दिवसांची, आणि पाळणेवाला जत्रा संपली की सगळं उचलून पुढच्या जत्रेला जातो. पार्कवाल्याला मंगळवारी दुपारी पण माणूस लागतो.

मामांना सांग, पार्कच्या नावानं एक रुपया जास्त द्यायचा नाही. जमीन जमीन म्हणून परवडत असेल तर घ्या. सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडून स्वतः बघा, एनए झालंय का, गुंठ्याचा व्यवहार तुकडेबंदीत अडकत नाही ना, ते आपल्या ओळखीच्या वकिलाला दाखवा, एजंटच्या नाही. आणि एजंटला विचारा, पार्क कुठली कंपनी काढतीय. नाव सांगितलं आणि ती लिस्टेड निघाली तर पाच मिनिटांत खरं-खोटं होतं. 'नाव अजून गुप्त आहे' म्हणाला तर चहा प्या आणि घरी या. भूमिपूजनाचा फोटो दाखवला तरी भुलू नका, आपल्याकडं नारळ फुटून गवत उगवलेल्या जागा कमी नाहीत.

आणि तुझी ट्रिप? मे मध्येच जा. नवीन राइडसाठी थांबण्यात तसाही अर्थ नसतो, कारण नवं मशीन पहिले काही आठवडे सारखं बंद पडतं, सेन्सर नाटकं करतात, आणि गर्दी वेगळीच. ऑरलँडोत हॅरी पॉटरमधल्या हॅग्रिडचा कोस्टर २०१९ च्या जूनमध्ये उघडला त्या दिवशी लोक दहा-दहा तास लाइनीत होते. घरात लहान पोरं आणि आईवडील असतील तर नवीन राइडच्या पहिल्या सीझनला तर अजिबात नेऊ नको.

फक्त दोन गोष्टी कर. शनिवार-रविवार टाळ, आणि निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचार की कुठल्या राइड मेंटेनन्सला बंद आहेत, कारण मागं एवढं काम चालू असेल तर शेजारची एखादी बंद ठेवलेली असू शकते. कोस्टरला सकाळी गेट उघडल्या उघडल्या जा, दुपारी ऊन टाळून आतल्या राइड, चारनंतर पाणी. आत गेल्यावर एखाद्या उंच राइडवरून तुला ते कुंपणामागचं दिसेल, पण मोबाइल खिशातच ठेव, चालू राइडवर काढलेला मोबाइल खाली कुणाच्या डोक्यात पडतो. खाली उतरून फूडकोर्टच्या गच्चीवरून किंवा जिन्यावरून दिसत असेल तर काढ फोटो, झूम करून, आणि इथंच टाक. ठिपके दिसले तर कुठलं मशीन असेल ते मी सांगायचा प्रयत्न करतो, थीम मात्र विचारू नको.